एका किनाऱ्याची दोन-दोन नावे

मुंबई-गोव्याकडच्या माणसाला 'झेवियर' हे नाव परके वाटत नाही. शाळा, महाविद्यालये, शेजारपाजारची माणसे, सगळीकडे ते आहे, आणि जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये ज्यांचे पार्थिव जपून ठेवले आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापासून ते आपल्याकडे आले, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र हे मुळात माणसाचे नव्हे तर एका घराचे नाव आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. फ्रान्सिस यांचा जन्म १५०६ साली आजच्या स्पेनमधल्या नवार प्रांतातल्या हाविएर नावाच्या गढीत झाला, आणि त्या गढीला हे नाव बास्क भाषेतल्या 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे या दोन शब्दांवरून पडले. आपल्याकडे उरणला आणि मुलुंडला जे नवघर आहे, तेच हे. बास्क समाजातली असंख्य आडनावे अशी घरांवरून आलेली आहेत. घराचा धनी बदलला तरी घराचे नाव बदलत नसे, उलट नव्याने राहायला आलेलेच त्या नावाने ओळखले जात.

या लोकांचा समुद्रकिनारा बिस्केच्या उपसागराच्या बेचक्यात आहे. फ्रान्सचा किनारा दक्षिणेकडे उतरत येऊन जिथे संपतो आणि स्पेनचा किनारा जिथून पश्चिमेकडे वळतो, तो हा कोपरा. फ्रान्समधील बायोनपासून स्पेनमधील बिल्बाओपर्यंत रस्त्याने अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर भरते, म्हणजे मुंबई ते पुणे एवढेच. सहलीची माहितीपत्रके मात्र त्याचे दोन तुकडे करून विकतात: फ्रान्सच्या सहलीत बिआरित्झ येते, स्पेनच्या सहलीत सान सेबास्तियान येते, आणि या दोन्ही ठिकाणी जाऊन आलेल्या प्रवाशालाही आपण एकाच प्रदेशात दोनदा जाऊन आलो हे उमगत नाही. हा किनारा नीट समजून घ्यायचा असेल तर माझ्या मते सुरुवात रस्त्यावरच्या पाट्यांपासून करावी. तिथे बहुतेक गावाला दोन नावे असतात, आणि ती दोन का आहेत हे कळले की पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते.

सान सेबास्तियानचे बास्क नाव दोनोस्तिया. 'दोने' म्हणजे संत. संत सेबास्तियानचेच ते झिजलेले रूप आहे, म्हणजे इथे दोन्ही नावांचा अर्थ एकच. बिल्बाओचे बिल्बो होते, बायोनचे बाइओना, बिआरित्झचे मिआरित्से. फ्रेंच बाजूला सेंट जाँ द ल्यूझ नावाचे सुंदर बंदर आहे. त्यातल्या 'ल्यूझ'चा अर्थ अनेकजण स्पॅनिश भाषेवरून 'प्रकाश' असा लावतात, पण बास्क पाटीवर दोनिबाने लोइसुने असे लिहिलेले असते आणि त्यातला 'लोइ' म्हणजे चिखल. दलदलीकाठचा संत योहान, एवढाच साधा अर्थ. ओन्दारिबिया या गावाचे तर स्पॅनिशमध्ये फुएन्तेराबिया झाले होते. 'ओन्दार' म्हणजे वाळू आणि 'इबी' म्हणजे नदीतला उतार. हा अर्थ ज्यांना लागला नाही त्यांनी कानाला जवळचे वाटेल असे काहीतरी नाव करून टाकले. आपल्याकडे इंग्रजांनी ठाण्याचे आणि शीवचे जे केले, तोच प्रकार.

नकाशावर बास्क प्रदेश नावाचा देश नाही. परंपरेने सात प्रांत मानले जातात: स्पेनमध्ये बिस्काया, गिपुस्कोआ, आराबा आणि नवार, तर फ्रान्समध्ये लापुर्दी, खालचा नवार आणि सुबेरोआ. 'साती मिळून एक' अशा अर्थाचे ब्रीदवाक्य भिंतींवर आणि दुकानांतल्या वस्तूंवर दिसते. यांपैकी समुद्र लागतो तो फक्त बिस्काया, गिपुस्कोआ आणि लापुर्दी या तिघांना. या साऱ्या भूमीला तिथले लोक एउस्काल एरिया म्हणतात, म्हणजे एउस्कारा, अर्थात बास्क भाषेचा देश. त्यांच्या भाषेत बास्क माणसाला 'एउस्काल्दुन' असा शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ 'ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो' असा होतो. म्हणजे ओळख सांगताना या शब्दाने ना वंश विचारला, ना धर्म, ना गाव. भाषा असली की झाले.

ही एउस्कारा युरोपातल्या भाषाशास्त्रज्ञांसाठी जुने कोडे आहे. स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी, रशियन, हिंदी आणि आपली मराठी या सगळ्या दूरच्या का होईना पण एका कुळातल्या भाषा आहेत. एउस्कारा त्या कुळात नाही, आणि जगातल्या दुसऱ्या कोणत्याही हयात भाषेशी तिचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही. रोमन काळातल्या अक्विटानियातील, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य फ्रान्समधल्या शिलालेखांत आलेली काही नावे, उदाहरणार्थ 'किसोन' आणि 'नेस्कातो', आजच्या बास्क भाषेतल्या 'गिसोन' (पुरुष) आणि 'नेस्कातो' (मुलगी) या शब्दांशी इतकी जुळतात की लॅटिन इथे पोहोचली तेव्हा या भाषेचे जुने रूप इथे बोलले जात होते, याविषयी शंका उरत नाही. गंमत अशी की, नाते नसूनही मराठी माणसाला ही भाषा दोन ठिकाणी ओळखीची वाटते.

पहिले ठिकाण उच्चाराचे. मराठीत 'चहा'चा च वेगळा आणि 'चाक'चा च वेगळा. लिहिताना आपण फरक करत नाही, बोलताना मात्र कधीच चुकत नाही. इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्याला चाकातला च सहज जमत नाही. एउस्कारात हे दोन्ही उच्चार आहेत आणि ते वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात. तिथल्या आंबूस पांढऱ्या वाइनचे नाव चाकोली, त्यातला च चहाचा. सारौत्स या गावाच्या शेवटी येणारा आवाज चाकातला. दक्षिणेकडे ह लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून लेखी 'ह'ने सुरू होणारे ओन्दारिबिया 'ओ'नेच उच्चारायचे.

दुसरे ठिकाण व्याकरणाचे, आणि ते जास्त नवलाचे आहे. मराठीत आपण 'माणूस आला' म्हणतो, पण 'माणूस सफरचंद खाल्ला' म्हणत नाही. तिथे 'माणसाने सफरचंद खाल्ले' असे होते. ज्या क्रियेला कर्म आहे त्या क्रियेचा कर्ता भूतकाळात 'ने' घेऊन येतो. बास्क भाषेतही 'गिसोना एतोरी दा' म्हणजे माणूस आला, आणि 'गिसोनाक सागारा यान दू' म्हणजे माणसाने सफरचंद खाल्ले. दुसऱ्या वाक्यात 'गिसोना'ला जो 'क' लागला आहे तोच आपला 'ने'. फरक इतकाच की आपण हा 'ने' भूतकाळापुरता वापरतो आणि ते सर्व काळांत वापरतात, जणू आपण 'माणसाने सफरचंद खातो' असे म्हणावे. इंग्रजीतून हा प्रकार समजावून सांगायला पानेच्या पाने लागतात. मराठी वाचकाला तो दोन वाक्यांत कळतो. मोजणीही अशीच आहे: वीस म्हणजे 'ओगेइ', चाळीस म्हणजे 'बेरोगेइ' अर्थात दोन विसा, साठ म्हणजे तीन विसा. आपल्याकडची जुनी माणसे आणि मासळीबाजारातल्या बायका अजूनही विसांत आणि कोडीत हिशेब करतात, त्यांना ही पद्धत शिकवावी लागणार नाही.

या भाषेत उभ्या उभ्या रचून गायची एक परंपराही आहे. विषय आणि चाल त्याच क्षणी सांगितली जाते, आणि गाणारा, ज्याला 'बेर्चोलारी' म्हणतात, काही सेकंदांत यमके जुळवून कडवी म्हणतो. समोरचा दुसऱ्या कडव्याने उत्तर देतो. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ज्याने ऐकले आहेत त्याला यातला थरार वेगळा सांगायला नको. मोठी स्पर्धा चार-पाच वर्षांतून एकदा होते आणि हजारो माणसे तिकीट काढून कविता ऐकायला बसतात. २००९ साली मायालेन लुहानबियो यांनी ती जिंकली, तेव्हा असे यश मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आता प्रश्न असा की भाषा एक, किनारा एक, मग दोनोस्तियाच्या शाळेत, दुकानात, बसमध्ये सगळीकडे दिसणारी एउस्कारा बिआरित्झमध्ये पाट्यांपलीकडे फारशी का आढळत नाही? २०२१ च्या भाषा-पाहणीनुसार स्पेनमधील बास्क स्वायत्त प्रदेशात सोळा वर्षांवरील सुमारे ३६ टक्के लोक एउस्कारा चांगली बोलतात, तर फ्रेंच बाजूला हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. याचे कारण समुद्रात किंवा डोंगरात सापडत नाही, ते राज्यव्यवस्थेत आहे. फ्रान्समधील तीन बास्क प्रांत राज्यक्रांतीच्या काळात, १७९० साली, रद्द झाले आणि शेजारच्या बेआर्न प्रांतासोबत एका जिल्ह्यात घालण्यात आले. तेव्हापासून त्यांना स्वतःची म्हणावी अशी कोणतीही संस्था नव्हती. २०१७ मध्ये १५८ गावे-शहरांची मिळून एक संयुक्त स्थानिक संस्था झाली, तीच पहिली. फ्रान्सची राजभाषा एकच, फ्रेंच, त्यामुळे एउस्काराला तिथे कायद्याने अधिकृत दर्जा नाही.

दक्षिणेची कथा निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. बास्क प्रांतांना मध्ययुगापासून स्वतःचे कायदे होते आणि बिस्कायाचा धनी गेर्निका गावातल्या ओक वृक्षाखाली येऊन ते पाळण्याची शपथ घेत असे. १८७६ साली यादवी युद्धातल्या पराभवानंतर हे अधिकार काढून घेण्यात आले, पण त्यातला एक धागा उरला, आणि आजचा हा प्रदेश एवढा संपन्न आणि नीटनेटका का दिसतो याचे एक मोठे उत्तर त्या धाग्यात आहे. १८७८ साली असा करार झाला की प्रांतांनी आपले कर स्वतः गोळा करावेत आणि माद्रिदला ठरलेला हिस्सा पाठवावा. भारतात प्राप्तिकर केंद्र गोळा करते आणि राज्यांना त्यातला वाटा देते; इथे उलटे आहे. प्राप्तिकर असो, कंपन्यांवरचा कर असो, तो प्रांताच्या तिजोरीत जमा होतो, आणि संरक्षण, परराष्ट्र व्यवहार यांसारखी जी कामे अजून केंद्राकडे आहेत त्यांच्या खर्चातला ६.२४ टक्के भार बास्क प्रदेश उचलतो. पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोने यादवी युद्ध चालू असताना, १९३७ मध्ये, बिस्काया आणि गिपुस्कोआ यांना विरोधात लढल्याची शिक्षा म्हणून हा अधिकार काढून घेतला. १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर, १९८१ मध्ये, तो परत मिळाला. बिल्बोच्या नदीकाठी बंद पडलेल्या गोद्यांच्या जागेवर १९९७ मध्ये टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेले गुगेनहाइम संग्रहालय उभे राहिले, त्याचा खर्च बास्क संस्थांनी उचलला, हे लक्षात घेतले की त्या चकचकीत इमारतीकडे पाहण्याची नजर थोडी बदलते.

फ्रँकोच्या काळात एउस्कारा शाळेतून, कचेरीतून आणि नावांतूनही हद्दपार झाली. घरोघरी आणि चर्चच्या आडोशाने चालवलेल्या 'इकास्तोला' नावाच्या शाळांनी ती जगवली. प्रत्येक खोऱ्याची बोली निराळी असल्यामुळे पाठ्यपुस्तके कोणत्या बोलीत छापावीत हा प्रश्न होता, म्हणून १९६८ मध्ये भाषा अकादमीने प्रमाण एउस्काराचा पाया घातला. आज दूरदर्शनवर, वर्तमानपत्रांत आणि पाट्यांवर दिसते ती ही भाषा. एखाद्या मच्छीमार गावातल्या आजोबांची बोली तिच्यापेक्षा इतकी वेगळी असू शकते की शहरात प्रमाणभाषा शिकलेल्या तरुणाला ती अर्धीमुर्धीच कळते. मालवणी आणि पुस्तकी मराठी यांच्यातले अंतर ज्यांना माहीत आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

गेर्निकाला जाणे टाळू नये. २६ एप्रिल १९३७ हा सोमवार, म्हणजे बाजाराचा दिवस होता. जर्मनीच्या कोंडोर तुकडीने आणि इटलीच्या विमानांनी त्या दिवशी फ्रँकोच्या बाजूने हे गाव बेचिराख केले. ओक वृक्ष आणि शेजारचे सभागृह मात्र वाचले. आज तिथे उभे असलेले झाड २०१५ मध्ये लावलेले, त्याच वंशातले आहे, आणि एका जुन्या झाडाचे खोड बाजूच्या छोट्या मंडपात जपले आहे. पिकासोचे प्रसिद्ध चित्र माद्रिदच्या संग्रहालयात आहे. गावातल्या एका भिंतीवर फरश्यांची त्याची प्रतिकृती आहे आणि तिच्याखाली लिहिले आहे 'गेर्निका गेर्निकारा', म्हणजे गेर्निका हे चित्र गेर्निका गावाला द्या. त्या दोन शब्दांत चित्राचे नाव स्पॅनिश वळणाने लिहिले आहे आणि गावाचे बास्क वळणाने. दोन नावांचे सगळे दुखणे इतक्या थोडक्या जागेत मी दुसरीकडे कुठे मांडलेले पाहिले नाही.

बास्क स्वातंत्र्यासाठी १९५९ मध्ये स्थापन झालेल्या एटा या सशस्त्र संघटनेने पुढच्या पाच दशकांत आठशेहून अधिक माणसे मारली. १९८० च्या दशकात सरकारी यंत्रणेतल्या लोकांच्या पाठबळाने चाललेल्या टोळ्यांनी फ्रेंच बाजूला आश्रय घेतलेल्यांना ठार केले. एटाने २०११ मध्ये शस्त्रे वापरणे थांबवले आणि २०१८ मध्ये ती विसर्जित झाली. पाहुण्याने हे माहीत करून घ्यावे, पण ओळख होताच त्यावर प्रश्न विचारू नयेत. लहान गावांत दोन्ही बाजूंची दुःखे एकाच गल्लीत राहतात.

समुद्राकडे वळले की सीमारेषा पुसट होते. बेर्मेओ, लेकेइतियो, ओन्दारिबिया, बिआरित्झ, अशा दोन्ही देशांतल्या गावांच्या जुन्या मोहरांवर एकच प्राणी आहे: देवमासा. टेकडीवरच्या बुरुजावर टेहळ्या बसलेला असे. देवमाशाचा फवारा दिसला की तो धुराने खूण करी, आणि गावोगावच्या वल्ह्यांच्या होड्या पाण्यात पडत. चरबी उकळून निघणारे तेल युरोपभर दिव्यांत जळे. सोळाव्या शतकात हे खलाशी अटलांटिक ओलांडून आजच्या कॅनडातल्या लाब्राडोरपर्यंत गेले. तिथल्या रेड बे या ठिकाणी १५६५ मध्ये बुडालेले 'सान हुआन' हे त्यांचे जहाज १९७८ मध्ये सापडले, आणि दोनोस्तियाशेजारच्या पसाया बंदरात जुन्याच हत्यारांनी व जुन्याच पद्धतीने त्याची प्रतिकृती बांधून २०२४ मध्ये पाण्यात उतरवण्यात आली. ही गोदी पाहता येते, आणि या किनाऱ्यावर एकच संग्रहालय पाहायला वेळ असेल तर गुगेनहाइम सोडून इथे जावे असे मी म्हणेन. आइसलँडमध्ये १६१५ साली जहाज फुटून अडकलेल्या तीसहून अधिक बास्क खलाशांची स्थानिकांनी कत्तल केली. त्या वेळचा बास्कांना मारण्याची मुभा देणारा हुकूम तिथल्या अधिकाऱ्यांनी रीतसर रद्द केला तो २०१५ मध्ये. पण त्याच आइसलँडमध्ये सतराव्या शतकात लिहिलेल्या बास्क-आइसलँडिक शब्दांच्या याद्याही सापडल्या आहेत, म्हणजे दोघांत व्यवहार चाले आणि त्यासाठी मोडकीतोडकी मिश्र बोलीही तयार झाली होती.

गेतारिया हे चिमुकले गाव दोन कारणांसाठी प्रसिद्ध आहे. मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेल्यावर उरलेली मोहीम पुरी करून, लवंगांनी भरलेले एक जहाज आणि अठरा माणसे घेऊन ६ सप्टेंबर १५२२ रोजी स्पेनला परतलेला, म्हणजे पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा पूर्ण करणारा हुआन सेबास्तियान एल्कानो इथला. आणि विसाव्या शतकातील कपड्यांच्या जगातले मोठे नाव क्रिस्तोबाल बालेन्सियागाही १८९५ मध्ये इथेच जन्मले. पण बंदरात गेल्यावर खरे लक्ष वेधून घेतात ती जाळी विणणारी माणसे आणि मच्छीमार संघाची इमारत. हे संघ मध्ययुगापासूनचे आहेत; मासळीचा लिलाव, बर्फ, भाव, सगळे त्यांच्याकडे. मांदेलीची आठवण यावी असा आंचोआ नावाचा छोटा मासा वसंतात येतो. त्याची संख्या इतकी घटली की २००५ ते २०१० या काळात बिस्केच्या उपसागरात त्याची मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली, आणि बंदीनंतर तो खरोखरच परत आला. पावसाळ्यातल्या बंदीवरून आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी जो वाद होतो, त्या वादात हे उदाहरण उपयोगी पडावे.

मासे घेऊन जी होडी आधी धक्क्याला लागेल तिला चांगला भाव मिळे, त्यातून वल्ह्यांच्या शर्यती जन्माला आल्या. तेरा वल्हेकरी आणि एक तांडेल अशा चौदा जणांच्या 'त्राइनेरा' होड्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन रविवारी दोनोस्तियाच्या शंखाकृती खाडीत धावतात. ही शर्यत १८७९ पासून चालू आहे. त्या दिवसांत हॉटेलांत जागा मिळणे कठीण असते.

मराठी माणसाने या किनाऱ्यावर जिथे मुद्दाम थांबावे ते गाव सुमाया. इथले कडे वह्यांच्या चळतीसारखे दिसतात: चुनखडकाचा कठीण थर, मग मऊ मातकट थर, पुन्हा कठीण, असे हजारो थर उभे कलंडलेले. समुद्राच्या तळाशी साचलेला हा गाळ पर्वत उभे राहताना वर ढकलला गेला. मुत्रिकु, देबा आणि सुमाया या गावांदरम्यानच्या सुमारे १३ किलोमीटर किनाऱ्यात सहा कोटी वर्षांचा इतिहास पानोपानी वाचता येतो. २०१५ पासून हे युनेस्कोचे जागतिक भूउद्यान आहे. यातल्या एका काळसर पातळ थरात, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर नाहीसे झाले तो क्षण नोंदलेला आहे. आणि नेमक्या त्याच काळात आपल्याकडे लाव्हाचे प्रचंड लोट वाहत होते, ज्यांच्या थरांतून पुढे सह्याद्री कोरला गेला. त्या महासंहारात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा किती, याची चर्चा करणारे शास्त्रज्ञ सुमायाचा तो थर आणि महाबळेश्वरच्या घाटातले थर दोन्हीही अभ्यासतात. आपल्या कातळाची दुसरी बाजू इथे येऊन पाहता येते. फक्त ओहोटीची वेळ बघून जावे. मोठ्या उधाणाला इथे पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो आणि पायथ्याची वाट पाण्याखाली जाते.

पाऊस इथे बाराही महिने असतो. दोनोस्तियात वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, पण कोकणासारखा चार महिन्यांत कोसळत नाही; जी बारीक झिमझिम तासन्तास चालते तिला तिथे 'सिरिमिरी' म्हणतात. 'गास्तेलुगाचे' नावाच्या खडकावर २४१ पायऱ्या चढून गेल्यावर लागणारे संत योहानाचे देऊळ अशा धुक्यात फारच देखणे दिसते. एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेत ते दिसल्यापासून तिथे एवढी गर्दी लोटते की हंगामात आधी मोफत नोंदणी करावी लागते.

खाण्याविषयी बरेच लिहिले जाते, म्हणून कामाचे तेवढेच सांगतो. 'पिंचो' म्हणजे पावाच्या तुकड्यावर किंवा काडीला टोचून मांडलेला घास. रीत अशी की एका ठिकाणी एक-दोन खावेत, पैसे द्यावेत आणि पुढच्या दुकानात जावे. जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास अस्तिगारागा आणि एर्नानी परिसरातल्या 'सागार्दोतेगी' उघडतात. वर व्याकरणात आलेले 'सागार' म्हणजे सफरचंद इथे परत भेटते: सागार्दो म्हणजे सफरचंदाची आंबवलेली वाइन, आणि तेगी म्हणजे जागा. कोणी 'चोच!' असे ओरडले की सगळे ग्लास घेऊन भल्या मोठ्या पिंपाकडे धावतात आणि लांबून उडणारी धार ग्लासात झेलतात. जेवणात खारवलेल्या कॉड माशाचे ऑम्लेट आणि निखाऱ्यावरचे गोमांस ठरलेले असते, तेव्हा शाकाहारी माणसाने आधी विचारूनच जावे. गेर्निकाच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या, तोलोसाचा काळा घेवडा, रानातल्या अळंब्या यांवर निभावता येते. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचे चीज मात्र कोकराच्या जठरातल्या पाचकाने विरजलेले असते, हे कडक शाकाहाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट पाहून आपण दचकतो: घरांवर, थडग्यांवर आणि दागिन्यांवर स्वस्तिकासारखे पण गोल टोकांचे चिन्ह असते. ते 'लाउबुरू', चार डोक्यांचे. हिटलरशी त्याचा संबंध नाही आणि आपल्या स्वस्तिकाशीही जोडता येत नाही.

भारतीय प्रवाशाला एकच शेंगेन व्हिसा दोन्ही देशांना चालतो. जिथे जास्त रात्री राहणार तिथे अर्ज करावा. बिल्बोहून दोनोस्तियाला बस सव्वा तासात नेते, पण किनाऱ्याकिनाऱ्याने देबा, सुमाया, सारौत्स करत जाणारी एउस्कोत्रेन ही मीटरगेजची रेल्वे अडीच तासांहून जास्त घेते आणि तेवढा वेळ तिला द्यावा. दोनोस्तियाहून पुढे फ्रान्सच्या हद्दीतल्या एन्दायापर्यंत जाणाऱ्या गाडीला सगळे 'तोपो' म्हणतात, म्हणजे चिचुंदरीसारखा बिळे करणारा प्राणी, कारण वाटेत बोगदेच बोगदे आहेत. मुख्य रेल्वेमार्गावर मात्र सीमा अजून रुळांत आहे: स्पेनचे जुने रूळ १६६८ मिलिमीटर रुंदीचे आणि फ्रान्सचे १४३५, त्यामुळे इथे गाडी बदलावीच लागते. सीमेवर फ्रेंच पोलीस अधूनमधून तपासणी करतात. पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नये.

सीमा म्हणजे बिदासोआ ही लहानशी नदी. तिच्या पात्रात एक ओसाड बेट आहे, जिथे १६५९ मध्ये स्पेन आणि फ्रान्स यांच्यात तह झाला, आणि त्याच तहाची खूण म्हणून पुढच्या वर्षी चौदाव्या लुईचे स्पेनच्या राजकन्येशी दोनिबाने लोइसुनेच्या चर्चमध्ये लग्न लागले. हे बेट दोघांचे आहे: फेब्रुवारी ते जुलै स्पेनचे, ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सचे. तिथे उतरू देत नाहीत. त्याहून खाली, नदी समुद्राला मिळते तिथे, एन्दाया आणि ओन्दारिबिया यांच्यामध्ये एक छोटी होडी ये-जा करते. दहाएक मिनिटांचा प्रवास आहे. घड्याळ दोन्ही काठांवर तेच, तरी एन्दायात साडेबाराला जेवायला बसतात आणि ओन्दारिबियात दोन वाजल्याशिवाय चूल तापत नाही, त्यामुळे पलीकडे भूक लागलेली असताना हॉटेल बंद झाले असेल तर होडीने अलीकडे यावे. इथे जेवणाची वेळ आत्ताच सुरू होत असते.